विदाकला मुलं किती

वेलींची नोंद करायला सरकारी बाई आली तेव्हा म्हातारा विदाक अंगणातल्या मांडवाखाली टोपी नीट करून बसला होता. सरकारी माणूस दारात आला की चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या अंगात जुना शिपाई संचारायचा. पाठ ताठ व्हायची, मिशीला पीळ बसायचा आणि उत्तरं अशी यायची की विचारणाऱ्यानंच सावरून बसावं. त्याची मुलगी याग्लिका तळघरातून वाइनचा जग भरून घेऊन आली. सोबत धुरावलेल्या मांसाचे काप होते, चीज होतं. तिनं सगळं बाईपुढं मांडलं आणि हात पुसत बाजूला उभी राहिली.

"वेली किती, आजोबा?"

"तीन हजार. वरचा टप्पा माझ्या आजाचा, मधला बापाचा, खालचा माझा. एकही मेलेली नाही."

"घरात माणसं किती?"

"दोन."

"मुलं?"

"एक. राडे. श्टुटगार्टला असतो. मोठमोठ्या घरांना फरशा बसवतो. तिथले डॉक्टर-बिक्टर त्याच्या फरशीवर चालतात."

बाईनं लिहिता लिहिता मान वर केली. "आणि ह्या?"

"ही? ही याग्लिका."

"सून का?"

"सून कसली! मुलगी माझी."

"मग दोन मुलं झाली की, आजोबा."

विदाकनं जगमधली वाइन स्वतःच्या पेल्यात ओतली, एक घोट घेतला आणि मग म्हणाला, "बाई, तुम्ही वेली मोजायला आलात ना? वेली मोजा. पोरांचं मी बघतो."

बाई हसली. याग्लिकाही हसली. हसण्यावारी न्यायची तिला सवय होती. छप्पन्न वर्षांची झाली होती ती, आणि ही मोजणी जन्मल्यापासून ऐकत आली होती.

ह्यात एकट्या विदाकचा दोष काढण्यात अर्थ नाही. आमच्या ह्या डोंगरात मुलं म्हणजे मुलगेच. मुली असतात, त्यांचे लाडही होतात, पण मोजताना त्या धरत नाहीत. पोद्ग्राब गावात असा एक गृहस्थ मी पाहिलाय, ज्याला तीन मुली होत्या. कुणी विचारलं की तो मान खाली घालून सांगायचा, "देवानं मूल दिलं नाही." आणि त्याच वेळी त्या तिघींपैकी एक त्याला वाढत असायची, दुसरी त्याचे बूट पुसत असायची. ऐकणारा माणूसही हळहळायचा. त्या पोरींसाठी नव्हे, त्याच्यासाठी.

याग्लिकेची आई वारली तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि राडे सोळाचा. तळ्यापलीकडच्या एका बऱ्या घरातून तिला मागणी आलेली होती. विदाक म्हणाला, "राडेचं शिक्षण होऊ दे, मग बघू." राडेचं शिक्षण झालं, मग देशात यादवी सुरू झाली, मग राडे जर्मनीला गेला. बघायचं राहूनच गेलं. तोवर विदाकच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता आणि तिन्ही टप्प्यांची छाटणी, फवारणी, तोडणी, सगळं याग्लिकेच्या अंगावर पडलं होतं. मोरचूद कालवून कालवून तिच्या नखांच्या कडा वर्षातले चार महिने निळ्या असायच्या. लग्नाला जायचं असलं की ती लिंबानं घासायची, तरी जायच्या नाहीत.

तळघरात एका कोपऱ्यात तुतीच्या लाकडाचं एक छोटं पिंप होतं. त्याला सगळं गाव राडेचं पिंप म्हणायचं. राडे जन्मला त्या वर्षीची वाइन विदाकनं त्यात भरून ठेवली होती. त्याच्या लग्नात उघडायची, अशी आमच्याकडची रीत. पण राडेनं तिकडंच एका जर्मन मुलीशी कचेरीत सही करून लग्न उरकलं आणि घरी एक फोटो पाठवला. पिंप तसंच राहिलं. आता लाकडी पिंप म्हटलं की त्यातली वाइन श्वासागणिक थोडी थोडी उडते, आणि वर रिकामी जागा राहिली की खालची सगळी आंबून जाते. म्हणून दर महिना-दोन महिन्यांनी ते काठोकाठ भरत राहावं लागतं. चौतीस वर्षं ते काम याग्लिका करत होती, आणि भरायची ती तिनंच पिकवलेली, तिनंच मुरवलेली वाइन. राडेच्या सालातला त्यात एखादा थेंब उरला होता की नाही, देव जाणे. तरी पिंप राडेचंच.

त्याच शरद ऋतूत, तोडणी संपता संपता, विदाक तळघराच्या पायरीवरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडून बसला. हाड जुळलं म्हणे, पण माणूस काही पुन्हा चालता झाला नाही.

फेब्रुवारीत संत त्रिफुनचा दिवस आला. त्या दिवशी घरच्या कर्त्या पुरुषानं बागेत जाऊन वर्षातली पहिली वेल छाटायची आणि कापावर वाइन ओतायची. त्याशिवाय कुणी कात्रीला हात लावत नाही. पुरुष आजारी असला तर भाऊबंदांपैकी कुणी येतो. शेजारच्या मिलुशाचा नवरा सकाळी सकाळी खांद्यावर कात्री टाकून हजर झालाही. विदाकनं त्याला घरच्या रकिया दारूचा पेला पाजला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि वाटेला लावला. मग याग्लिकेला हाक मारली.

"मला खुर्चीसकट बाहेर ने."

तिनं त्याला घोंगडीत गुंडाळून खालच्या टप्प्याच्या कडेला नेऊन बसवलं. तळ्यावरून बोचरं वारं येत होतं.

"घे कात्री. काप."

"मी? बाबा, बाईनं पहिली वेल कापली असं कळलं तर मिलुशाकाकू वर्षभर माझ्या नावानं बोटं मोडेल. गारपीट झाली तरी माझ्यामुळं, नवऱ्याला खोकला झाला तरी माझ्यामुळं."

"मोडू दे. तिचा नवरा करतो त्याला छाटणी म्हणत नाहीत, सूड म्हणतात. काप म्हणतो ना!"

तिनं वेलीपुढं गुडघा टेकला. कात्री दोनदा वाजली. काडी बाजूला पडली.

"कोंबाचे डोळे किती ठेवलेस?"

"दोन. तुम्हीच शिकवलंत."

"का दोन?"

"एखादा गारठला तर दुसरा असावा म्हणून."

 विदाक खाली वळणावळणांनी उतरत जाणाऱ्या रस्त्याकडं बघत राहिला. त्या रस्त्यानं राडे शेवटचा आला त्याला नऊ वर्षं झाली होती. मग त्यानं नाक ओढलं आणि घोंगडीतून हात बाहेर काढला.

"ओत आता. आणि कंजूषपणा करू नको, वेलीला कळतं."

तिनं ओतली. कापावरून लाल थेंब ओघळून मातीत गेले. 

एप्रिलमध्ये विदाकच्या छातीत पाणी झालं. त्याला किनाऱ्यावरच्या बार शहरातल्या दवाखान्यात नेलं. एक कोवळा डॉक्टर कागद घेऊन आला आणि भराभरा विचारू लागला. वय, जुने आजार, दात खरे की कवळी. याग्लिका पलंगाच्या पायथ्याशी बापाच्या शर्टाची घडी घालत होती.

"मुलं किती, आजोबा?"

तिनं मान वर केली नाही. हे उत्तर तिला पाठ होतं.

"दोन," विदाक म्हणाला.

डॉक्टरनं लिहिलं.

"एक श्टुटगार्टला असतो," विदाक खेकसला, जणू कुणीतरी वाद घालत होतं, "आणि एक ही. लिहिलं का? नीट लिहा. दोन."

डॉक्टरच्या दृष्टीनं ते दोन आणि रक्तदाबाचे आकडे सारखेच होते. त्यानं कागद उलटला आणि पुढच्या पलंगाकडं गेला. याग्लिका पाणी आणते म्हणून बाहेर पडली. व्हरांड्याच्या टोकाच्या नळापाशी गेली, नळ पूर्ण सोडला आणि त्या आवाजाच्या आडोशाला पोटभर रडली. छप्पन्न वर्षं ज्याची वाट पाहिली ते कवळीच्या पाठोपाठ येऊन गेलं, आणि ऐकायला एका परक्या पोराशिवाय कुणी नव्हतं. तरी आलं. तिनं तोंड धुतलं, कंबरेला खोचलेल्या रुमालानं पुसलं आणि आत आली.

"पाणी आणायला एवढा वेळ?"

"नळाला रांग होती, बाबा."

"खोटारडी," विदाक म्हणाला आणि डोळे मिटून पडून राहिला. चौथ्या दिवशी दुपारी तो गेला.

राडे विमानानं आला. पन्नाशीचा, सुटलेल्या पोटाचा, दारातच ढसाढसा रडणारा. वाईट माणूस नव्हता तो. बहिणीला मिठी मारून इतका हुंदके देत होता की तिलाच त्याची पाठ थोपटावी लागली. मग तो पुरुषांच्या रांगेत जाऊन उभा राहिला, सांत्वनाला येणाऱ्यांचे हात हातात घेत, आणि याग्लिका बायकांत, शवपेटीच्या उशाशी बसली.

आमच्याकडे मेलेल्या माणसापाशी बायका विलाप गातात. ओवीसारख्या ओळी जुळवत, मेलेल्याला उद्देशून. एक गोष्ट त्यात अशी की विलाप गाणाऱ्या बाईला कुणी अडवायचं नाही, नवऱ्यानं नाही आणि पाद्रीबाबांनीही नाही. जिवंतपणी तोंडावर बोलता आलं नाही ते तिथं बोलावं, आणि सगळ्या गावानं मान खाली घालून ऐकावं. याग्लिकेनं आपल्या ओळी कधीच जुळवून ठेवल्या होत्या. वीस वर्षं छाटणी करता करता ती त्या मनात घोळवत आली होती. 'एकुलत्या मुलाच्या बापा, तुझ्या वेली कुणी राखल्या? एकुलत्या मुलाच्या बापा, तुझी भाकर कुणी भाजली?' अशा सुरुवातीचं ते सगळं होतं. ह्या एका दिवशी बापाला ऐकावंच लागणार होतं.

आता ती उशाशी बसली, तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की पहिली ओळच खरी उरली नव्हती. पाच-सहा दिवसांपूर्वी त्यानं ती मोडून टाकली होती. मग तिनं सुचेल तसं काहीबाही गायलं. त्याच्या कात्रीबद्दल, त्याच्या टोपीबद्दल, वेलीशी बोलायच्या त्याच्या सवयीबद्दल. आवाजही नीट लागला नाही.

"हे काय गं?" मिलुशा नंतर स्वयंपाकघरात म्हणाली. "तुझ्या आईच्या वेळी दगडाला पाझर फोडलास, आणि बापाच्या वेळी अशी फुसकी? लोक बोलतायत."

"घसा बसलाय, काकू."

दफनानंतरच्या जेवणाला राडेनं आपलं पिंप उघडलं. स्वतः बापाच्या जागेवर बसला, पहिला पेला भरला, ओठाला लावला आणि त्याचे डोळे पुन्हा भरून आले.

"बाबांचा हात!" तो म्हणाला. "पन्नास वर्षांची आहे, मंडळी, पन्नास! असली वाइन पुन्हा होणे नाही."

सगळ्या पुरुषांनी चाखली, माना डोलावल्या. विदाकचा हात तो विदाकचाच, असं सगळ्यांचं मत पडलं. याग्लिका मागून ताटं उचलत होती.

संध्याकाळी बहीणभाऊ ओट्यावर बसले. एवढं कुणाला तरी सांगावं असं तिला फार वाटलं.

"राडे, बाबांनी दवाखान्यात दोन सांगितलं."

"दोन काय?"

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. त्याला खरंच कळलं नव्हतं. कळावं कसं? त्याला आयुष्यात कधी स्वतःला मोजून घ्यावं लागलं नव्हतं.

"काही नाही," ती म्हणाली. "गोळ्या. दोन घ्यायच्या दिवसाला."

चाळिसाव्या दिवसाच्या विधीसाठी राडे जूनमध्ये परत आला, तो किनाऱ्यावरच्या एका गिऱ्हाइकाला सोबत घेऊन. गिऱ्हाईक तिन्ही टप्प्यांवरून फिरलं, तळ्याकडं बघून शीळ घातली. पर्यटकांसाठी छोटी दगडी घरं बांधायचा त्याचा बेत होता.

"ताई, किती दिवस राबणार तू?" राडे म्हणाला. "तुला बारला फ्लॅट घेऊन देतो. लिफ्टवाला. समोर समुद्र. सकाळी उठायचं, कॉफी प्यायची, बास. माझ्यासाठी नाही गं, तुझ्यासाठीच करतोय."

आणि तो मनापासून बोलत होता, हेच वाईट.

कायद्यानं अर्धी बाग तिची होती. पण कायदा वेगळा आणि डोंगर वेगळा. इथं बहिणीनं कचेरीत जाऊन 'माझा हिस्सा भावाला' म्हणायचं असतं. भाऊ तिला एक चांगली शाल घेतो, दोघं बाजारात बसून कॉफी पितात आणि घरी येतात. जी बहीण असं म्हणत नाही तिला भाऊ उरत नाही, आणि तिला रस्त्यात भेटणाऱ्या बायका नजर चुकवून डोक्यावरचा रुमाल नीट करू लागतात. मिलुशानं कुंपणावरून सांगितलंच. "सही करून टाक, पोरी. उद्या तू मेलीस तर तुझी पेटी उचलायला कोण? वेली येणार आहेत?"

पण याग्लिकेचं ठरलं होतं. बाग फुलोऱ्यात होती. आठ दिवस ती वेलींच्या बुडाचे फुटवे मोडत होती आणि तीन शब्द म्हणत होती. मी सोडत नाही. आधी मनातल्या मनात, मग पुटपुटत, मग चक्क मोठ्यानं. वरच्या टप्प्यावर आवाज फुटायचा, खालच्या टप्प्याला येईपर्यंत घट्ट व्हायचा. बापानं तिच्या हातात कात्री दिली होती. बापानं दोन म्हटलं होतं. एवढ्या आधारावर तीन शब्द उभे राहायला हरकत नव्हती.

ठरल्या दिवशी राडेनं तिला कचेरीच्या दारात उतरवलं आणि तो गाडी लावायला जागा शोधत गेला. आत टेबलाशी चष्मेवाली एक बाई बसली होती. गरम होत होतं, पंखा फिरत होता, कागद उडू नयेत म्हणून त्यांवर कॉफीचा कप ठेवलेला होता.

"बसा. साहेब यायच्या आत थोडं भरून घेते. वारले त्यांचं नाव?"

"विदाक बोयानिच."

"पत्नी?"

"वारली. फार वर्षं झाली."

"मुलं किती?"

तिचं सगळं लक्ष त्या तीन शब्दांवर होतं. ते जिभेवर आणून तिनं तयार धरले होते, योग्य प्रश्नाची वाट बघत. हा प्रश्न त्याच्या आधी आला, आणि ह्याचं उत्तर शोधावं लागत नव्हतं. ते छप्पन्न वर्षं घरात तयार होतं.

"एक," याग्लिका म्हणाली.

बाईनं लिहिलं. "नाव?"

"राडे."

बाईनं तेही लिहिलं. मग चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "आणि आपण कोण त्यांच्या?"

आपण काय बोललो ते तेव्हा कुठं याग्लिकेच्या कानावर पडलं.   तेवढ्यात राडे घाम पुसत आत आला.

"ही याग्लिका. माझी बहीण."

"मग दोन लिहायला हवं," बाई म्हणाली आणि मान खाली घालून तिनं आकडा दुरुस्त केला. त्या डॉक्टरसारखंच, सहज. "बहिणीच्या हिश्श्याचं काय ठरलंय?"

दोघं तिच्याकडं बघू लागले. तीन शब्दांतला पहिलाच शब्द 'मी' होता. याग्लिकेनं तो फार शोधला. पण आत्ताच जिनं स्वतःला मोजलं नव्हतं तिनं तो कुठल्या तोंडानं उच्चारायचा? बाप असता तर त्याच्यावर रागावता आलं असतं. भावावर रागवावं तर त्यानं काही म्हटलं नव्हतं. जे म्हटलं ते तिनंच.

"भावाला," ती म्हणाली.

बापाला चौऱ्याऐंशीव्या वर्षी का होईना, जमलं होतं. तिला जमलं नाही.

राडेनं तिला शाल घेतली, निळी, चांगली भारीतली. दोघांनी कॉफी घेतली. परतताना घाटात गाडी वर चढू लागली तसं त्याचं लक्ष तिच्याकडं गेलं.

"ताई, रडतेस?"

"ऊन येतंय डोळ्यांवर." तिनं रुमालानं डोळे पुसले. "राडे, यंदाचे घड तेवढे तोडू देशील मला? त्या माणसाला म्हणावं, सप्टेंबरनंतर ये."

"अगं, हे काय विचारणं झालं!" राडे म्हणाला आणि त्यानं मायेनं तिचा हात दाबला. "तुझीच तर बाग आहे."

याग्लिकेनं शालीची पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि घर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली.